जुनी ८०५१ चिप मिळेनाशी झाली, तर तिच्या जागी काय टाकावं?

'एटी८९सी५१ कुठेच मिळत नाही, दुसरं काय चालेल?' हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणारा बहुतेक वेळा कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस असतो. मशीन बंद असतं, मालक डोक्यावर उभा असतो आणि हातात एक काळपटलेलं कार्ड असतं. मी भोसरीत कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो, थोडीफार नवीनही बनवतो. पाउच पॅकिंग मशीन, हीट सीलर, बॅच काउंटर, टाइमर पॅनेल, सगळीकडे आत तीच चाळीस पायांची ८०५१ घराण्याची चिप, म्हणजे मशीनला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर. यात नवल नाही. इंटेलने ८०५१ आणला १९८० साली. नंतर अनेक कंपन्यांनी तोच गाभा घेऊन आपापल्या चिपा काढल्या, ॲटमेलने त्यात पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश मेमरी घातली (एटी८९सी५१ ही त्यातलीच), आणि आपल्याकडे डिप्लोमाला वर्षानुवर्षं हाच कंट्रोलर शिकवला गेला. ज्याने त्याने आपल्याला येत होतं त्यावर कार्ड बनवलं. ती मशीनं आजही लोखंडाने ठणठणीत आहेत. एका आयसीपायी ती भंगारात जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

माझं मत आधीच सांगतो. चालू कार्ड वाचवायचं असेल तर जुन्या चिपेच्या सर्वांत जवळची चिप निवडा, सर्वांत ताकदवान नव्हे. आणि चिपांची यादी उघडण्याआधी कार्ड वाचा. जुनी चिप त्या कार्डासाठी कितीतरी कामं न सांगता करत असते, आणि त्यांतली निम्मी कोडमध्ये दिसतही नाहीत.

कार्ड हातात घेतल्यावर

आधी चिपेवरचं पूर्ण मार्किंग लिहून घ्या. नुसतं 'एटी८९सी५१' लिहून भागत नाही, पुढचं शेपूटही हवं. '२४पीसी' असेल तर २४ मेगाहर्ट्झपर्यंतची, डीआयपी (दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा असलेल्या) पॅकेजमधली, ० ते ७० अंशांची साधी ग्रेड. शेवटी 'आय' असेल तर इंडस्ट्रियल, उणे ४० ते ८५ अंश. आजच्या लेड-फ्री मालावर 'पीयू' दिसतं, तेही इंडस्ट्रियलच. बंद पॅनेलमध्ये, हीटरच्या शेजारी बसणाऱ्या कार्डाला इंडस्ट्रियल ग्रेडच घ्या. फरक फार पैशांचा नसतो.

मग क्रिस्टल (चिपेला क्लॉकचे ठोके देणारा भाग) बघा. ११.०५९२ लिहिलेलं असेल तर त्या कार्डावर सीरियल पोर्ट असण्याची शक्यता दाट आहे. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला असतो. त्याला १२ने, मग ३२ने, मग ३ने भागलं की बरोब्बर ९६०० येतात, तोच सीरियलचा नेहमीचा वेग, म्हणजे बॉड रेट. तिथे १२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल लावलं तर बॉड रेट १०४१६वर जातो आणि समोरचा प्रिंटर किंवा वजनकाटा कचरा छापायला लागतो. तेव्हा चिप बदला, पण क्रिस्टलला हात लावू नका.

तिसरी गोष्ट पिन ३१. तिला ईए म्हणतात. ती पाच व्होल्टला बांधलेली असेल तर प्रोग्रॅम चिपेच्या आत आहे. जमिनीला बांधलेली असेल तर प्रोग्रॅम शेजारच्या ईप्रॉममध्ये (प्रोग्रॅम साठवणाऱ्या वेगळ्या मेमरी चिपेत) आहे, आणि तसं असेल तर तुम्ही नशीबवान आहात. का ते पुढे सांगतो.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: हेक्स फाइल, म्हणजे चिपेत भरायचा तयार प्रोग्रॅम, आहे का? सोर्स कोड असेल तर उत्तमच, पण नुसती हेक्सही पुष्कळ झाली. ज्याने कार्ड बनवलं तो माणूस सापडत असेल तर त्याला फोन करा. जुन्या कॉम्प्युटरवर, सीडीवर, कुठेतरी फाइल असते. नाहीच सापडली तर जुनी चिप प्रोग्रामरमध्ये लावून वाचून बघा. लॉक बिट (कोड वाचू न देणारं कुलूप) लावलेले नसतील तर कोड सरळ निघतो. कार्ड कुणाचं आहे आणि ते वाचायची परवानगी आहे का, हे मात्र आधी विचारा. लॉक असेल तर प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागतो. मग 'चिप कोणती' हा प्रश्नच वेगळा होतो, कारण जुनी हेक्स चालवायची अट उरत नाही.

हेक्स हातात असेल तर

एटी८९सी५१च्या जागी एटी८९एस५२ टाका. मी बहुतेक वेळा हेच करतो. पाय तेच, व्होल्टेज तेच पाच, मशीन सायकल (एका पायरीचा वेळ) तीच बारा क्लॉकची. जुन्या चिपेत ४ केबी फ्लॅश आणि १२८ बाइट रॅम आहे, एस५२मध्ये ८ केबी आणि २५६ बाइट. जुनी हेक्स जशीच्या तशी बर्न करा, म्हणजे चिपेत भरा, चालते. जादा टाइमर, दुसरा डेटा पॉइंटर, वॉचडॉग, हे सगळं रीसेटनंतर झोपलेलं असतं. कोडने उठवल्याशिवाय उठत नाही.

बर्न करायची पद्धत तेवढी बदलते. सी५१ला पॅरलल प्रोग्रामर आणि बहुतेक वेळा १२ व्होल्ट लागायचे. एस५२ पिन ६, ७, ८ आणि रीसेटची पिन ९ यांवरून कार्डावर बसल्या बसल्या बर्न होते. त्या वेळी क्रिस्टल चालू हवं, आणि प्रोग्रामरचा क्लॉक क्रिस्टलच्या सोळाव्या भागापेक्षा कमी ठेवायचा. 'डिव्हाइस सापडत नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हाच वेग कमी करून बघतो. त्याच तीन पिनांवर कार्डात ऑप्टोकपलर किंवा बफर लटकलेला असेल तर तो सिग्नल दाबतो. अशा वेळी चिप काढून बाहेर बर्न केलेली बरी.

बाजारात एसटीसी८९सी५२आरसी नावाची चिनी चिपही भरपूर मिळते, आणि शिकायला म्हणून बऱ्याच मुलांनी पी८९व्ही५१आरडी२ वापरलेली असते. दोन्ही याच सॉकेटमध्ये बसतात, पण एका ठिकाणी दगा देतात. दोन्हींच्या आत जादा रॅम आहे, आणि रीसेटनंतर मूव्हएक्स (बाहेरच्या मेमरीशी बोलणारी) इन्स्ट्रक्शन आधी त्या आतल्या रॅमकडे जाते. तुमच्या कार्डावर बाहेर ८२५५ (जादा इनपुट-आउटपुट देणारी चिप) किंवा जादा रॅम खालच्या पत्त्यांवर बसवलेली असेल, तर प्रोग्रॅम तिथे लिहितोय असं समजतो आणि लिहिणं आतल्या आत जिरतं. आउटपुट हलत नाहीत, एररही येत नाही. ऑक्सआर रजिस्टरमधला एक्सट्रॅम बिट १ केला की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी कोडमध्ये एक ओळ घालता यायला हवी. एस५२मध्ये असली आतली जादा रॅम नाही, म्हणून मी तिला पहिली पसंती देतो.

ईए जमिनीला असेल तर

म्हणजे कार्डावर ८०३१ किंवा ८०३२ आहे, शेजारी ७४एलएस३७३ लॅच (पत्ता धरून ठेवणारा आयसी) आणि काचेची खिडकी असलेला २७सी६४ ईप्रॉम. असं कार्ड आलं की मला आनंद होतो, कारण ईप्रॉमला लॉक नसतं. तो काढा, वाचा आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा. खिडकीवरचा स्टिकर निघालेला असेल तर हे काम आजच करा, कारण उजेडाने त्यातला डेटा हळूहळू पुसला जातो. वाचताना दोनदा वाचून चेकसम (सगळ्या बाइटांची बेरीज) जुळतो का बघा. जुळला नाही तर काही बिट कमकुवत झालेले आहेत, पुन्हा पुन्हा वाचून बघावं लागेल.

२७सी६४मध्ये ८ केबी असतात आणि एस५२मध्येही ८ केबीच. ईप्रॉममधला कोड एस५२मध्ये बर्न करा, पिन ३१ जमिनीपासून तोडून पाच व्होल्टला जोडा, ईप्रॉम सॉकेटमधून काढून टाका. लॅच मात्र राहू द्या. बाहेरची रॅम, ८२५५, एडीसी (सिग्नलचा आकडा करणारा आयसी) यांच्यासाठी पत्ते अजून त्याच वाटेने जातात. कार्डावरचा एक जुना, बिघडणारा भाग कमी झाला आणि चिपही नवी झाली. ईप्रॉम २७सी२५६ असेल आणि कोड खरोखर ८ केबीपेक्षा मोठा असेल तर हे जमणार नाही. पण आधी फाइल उघडून बघा, बऱ्याचदा पुढचं सगळं एफएफ एफएफ, म्हणजे रिकामं असतं.

वेगवान ८०५१च्या मोहात पडण्याआधी

नव्या पिढीच्या ८०५१ चिपा एका क्लॉकमध्ये एक मशीन सायकल करतात. नुवोटॉनची एन७६ई००३ घ्या: वीस पायांची, २.४ ते ५.५ व्होल्ट, १८ केबी फ्लॅश, आतच ऑसिलेटर. नवीन छोट्या कार्डाला छान आहे. पण जुना कोड तिच्यावर नेला की वेळेचं सगळं गणित विस्कटतं. जुन्या प्रोग्रामरांनी डिले लूप (वेळ काढणारी आवर्तनं) डीजेएनझेड ही इन्स्ट्रक्शन लावून हाताने मोजलेले असतात. प्रत्येक डीजेएनझेड २४ क्लॉकचा, म्हणजे ११.०५९२वर साधारण २.१७ मायक्रोसेकंद. नव्या चिपेवर काही इन्स्ट्रक्शन सहापट वेगाने चालतात, काही बारापट, त्यामुळे सगळ्याला एकाच आकड्याने गुणूनही भागत नाही.

सेटिंग साठवणारा २४सी०२ ईईप्रॉम बघा. कोड त्याचा क्लॉक हाताने वरखाली करतो, आणि मध्ये चार नॉप (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) टाकून ठेवलेले असतात. जुन्या चिपेवर चार नॉप म्हणजे सव्वाचार मायक्रोसेकंदांच्या वर. एका क्लॉकच्या चिपेवर तेच चार नॉप ०.३६ मायक्रोसेकंदात संपतात. ईईप्रॉमला तेवढा वेळ पुरत नाही आणि तो उत्तर देत नाही. ऑपरेटरला दिसतं काय, तर लाइट जाऊन आली की सेट केलेलं तापमान शून्य. सेव्हन सेगमेंट डिस्प्ले भुरकट दिसायला लागतो, बटण एकदा दाबलं की तीनदा मोजलं जातं. चिप खराब नसते, डिले लहान झालेले असतात. सोर्स कोड असेल तर सगळे डिले टाइमरवर घ्या. सोर्स नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आणखी एक जुनी सवय तपासा: पिन ३०, एएलई. त्या काळच्या चिपेवर या पिनेवर क्रिस्टलच्या सहाव्या भागाचा क्लॉक सतत चालू असतो. ११.०५९२ असेल तर १.८४३२ मेगाहर्ट्झ. बरेच जण तोच क्लॉक ७४७४ने भागून एडीसी०८०८ला द्यायचे, वेगळा ऑसिलेटर वाचायचा. अनेक नव्या चिपांना ही पिनच नसते. मग एडीसीला क्लॉक नाही, कन्व्हर्जन संपत नाही आणि तापमान वाचताना प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. एएलईपासून निघालेला ट्रॅक कुठे जातो, हे मल्टीमीटरच्या बझरवर बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या घराण्याची चिप घ्यायची असेल तर

प्रोग्रॅम नव्यानेच लिहायचा असेल, किंवा वर्षाला बरीच कार्डं बनवायची असतील, तर ८०५१ सोडायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टींची चौकशी आधी करा: चिप पाच व्होल्टवर चालते का, आणि वीज आल्याआल्या तिच्या पिना काय करतात?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ८०५१च्या पोर्ट १, २, ३च्या सगळ्या पिना रीसेटला '१' होतात, आतल्या कमकुवत पुल-अपने (वर ओढणाऱ्या रेझिस्टरने). त्या पुल-अपमधून करंट नावापुरताच मिळतो, पण पिन खाली ओढताना ती चिप १० मिलिअँपियर खेचू शकते. म्हणून जुन्या डिझायनरांनी सगळे रिले उलटे लावले: पिन '०' झाली की रिले चालू. पिनेपासून ४.७ केचा रेझिस्टर बीसी५५७च्या बेसला, एमिटर पाच व्होल्टला, कलेक्टरला रिले. वीज आली, पिना '१', सगळे रिले बंद, सीलिंगचा जबडा उघडा. हातावर काही पडत नाही.

आता तिथे एव्हीआर, पिक किंवा एआरएम बसवा. त्यांच्या पिना रीसेटला नुसत्या इनपुट असतात, म्हणजे तरंगत्या. प्रोग्रॅम सुरू होऊन पिना ठरवेपर्यंत बेस हवेत लटकतो, आणि शेजारी काँटॅक्टर वाजला की रिले थरथरू शकतो. उपाय सोपा आहे, प्रत्येक बेसपासून पाच व्होल्टला १० केचा रेझिस्टर. पण तो लावायचाच, 'बघू नंतर' करायचं नाही. मशीनच्या जबड्यात माणसाचा हात असू शकतो.

३.३ व्होल्टची चिप घेतली तर याहून वाईट होतं. एमिटर पाचवर, आणि चिपेची '१' म्हणजे ३.३. बेस आणि एमिटरमध्ये १.७ व्होल्ट उरतात, ट्रान्झिस्टरला चालू राहायला ०.७ पुरतात. म्हणजे चिप 'बंद' म्हणते तेव्हाही ४.७ केमधून साधारण ०.२ मिलिअँपियर बेस करंट वाहतो. ट्रान्झिस्टर त्याला शंभर-दोनशेपट करतो, आणि एकदा ओढलेल्या रिलेला धरून ठेवायला तेवढं पुष्कळ होतं. रिले लागतो, सुटत मात्र नाही. एसटीएम३२एफ१०३सारख्या चिपेच्या काही पिना पाच व्होल्ट सहन करतात. त्या ओपन ड्रेन (फक्त खाली ओढणाऱ्या) करून वर पुल-अप लावला की हे सुटतं. पण पुढे ७४एचसी घराण्याचा आयसी असेल तर त्यालाही '१' समजायला ३.५ व्होल्ट हवे असतात आणि तुमच्याकडे ३.३च आहेत. तिथे ७४एचसीटी घालावा लागतो, त्याला दोन व्होल्ट पुरतात. असं एकेक करत अर्धं कार्ड बदलतं. पॅनेलमधल्या कार्डाला मी म्हणून पाच व्होल्टचीच चिप सुचवतो: पिक घराण्यातली पीआयसी१८एफ४७क्यू१० चाळीस पायांच्या डीआयपीत येते, एव्हीआर१२८डीबी२८ अठ्ठावीस पायांत. दोन्ही पाच व्होल्टवर चालतात आणि दोन्हींत एडीसी आतच आहे, त्यामुळे एडीसी०८०८ आणि त्याच्या क्लॉकची भानगडच जाते.

एक जुनी शक्कल अजूनही कुणीतरी सुचवतं: ॲटमेगा८५१५ ८०५१च्याच सॉकेटमध्ये बसते. बसते हे खरं आहे, पाय त्याच मांडणीचे आहेत. पण ८०५१चा रीसेट '१'ला होतो, एव्हीआरचा '०'ला. कार्डावरचा रीसेटचा रेझिस्टर पिन ९ खाली ओढून ठेवतो आणि एव्हीआर कायमची रीसेटमध्येच राहते. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची अदलाबदल करावी लागते. ती चिपही आता जुनीच झाली आहे, म्हणून मी नव्याने त्या वाटेला जायला सांगत नाही.

ॲटमेगा८ बद्दलही विचारतात. तिच्या जागी ॲटमेगा३२८पी पायाला पाय जुळते, पण जुनी हेक्स चालत नाही, कोड पुन्हा कंपाइल करावा लागतो आणि रजिस्टरांची बरीच नावं बदलतात. एडीसीचा आतला रेफरन्स (तुलनेचं व्होल्टेज) २.५६ व्होल्टचा होता तो १.१ झाला आहे. कोड तोच रेफरन्स वापरत असेल तर सगळी रीडिंग सव्वादोनपटीपेक्षा जास्त येतील, आणि १.१च्या वरचं इनपुट तर वाचताच येणार नाही.

खरेदी

ऑर्डर देण्याआधी निर्मात्याच्या साइटवर त्या चिपेचं स्टेटस बघा. ॲटमेल २०१६ साली मायक्रोचिपमध्ये गेली, त्यामुळे एटी८९च्या डेटाशीट आता तिथे शोधायच्या. 'नवीन डिझाइनसाठी शिफारस नाही' लिहिलेलं असेल तर दुरुस्तीपुरती घ्या, नवीन कार्ड तिच्यावर आखू नका. 'शेवटची खरेदी' जाहीर झाली असेल तर फिल्डमध्ये तुमची किती कार्डं आहेत ते मोजून स्पेअर उचला.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना माल अजून मिळतो, आणि बरेच दुकानदार स्वतःहून सांगतात की माल काढीव (जुन्या कार्डांतून काढलेला) आहे. तरी स्वतः बघून घ्या. पायांवर सोल्डरचा थर, घासलेला माथा, एकाच ट्यूबमध्ये वेगवेगळे डेट कोड, कडेच्या पोतापेक्षा वेगळा दिसणारा वरचा रंग, ही रीमार्क केलेल्या मालाची लक्षणं. खात्रीचा मार्ग म्हणजे सिग्नेचर (चिपेच्या आतला ओळख-आकडा) प्रोग्रामरने वाचणं. एटी८९एस५२ हेक्समध्ये १ई, ५२, ०६ देते. एस५१ असेल तर मधला आकडा ५१ येतो. जुनी सी५१ १ई, ५१ देते आणि तिसरा बाइट १२ व्होल्टवाल्या चिपेला एफएफ, ५ व्होल्टवाल्या चिपेला ०५. दुकानातून पहिल्यांदा दोनच नग आणा, वाचा, जुळले तर बाकीचे घ्या.

बसवल्यावर

मशीनवर लावण्याआधी कार्ड टेबलावर चालवा, रिलेच्या जागी एलईडी लावून. वीज पन्नासएक वेळा चालू-बंद करा आणि नजर फक्त आउटपुटवर ठेवा: चालू होताना एखादा एलईडी क्षणभर लुकलुकला तर तिथला रेझिस्टर राहिला आहे. मग पुरवठा हळूहळू पाचवरून चारपर्यंत उतरवा आणि परत चढवा. एस५२मध्ये ब्राउन-आउटची (व्होल्टेज पडलं की रीसेट करायची) सोय नाही, त्यामुळे वीज डुगडुगणाऱ्या जागी मी बाहेर रीसेट सुपरवायझर आयसी लावतो. मात्र तो '१' देणारा हवा. एव्हीआर किंवा पिक असेल तर ब्राउन-आउट फ्यूजमधून चालू करा. त्यानंतर टेबलावरच एक काँटॅक्टर कार्डाशेजारी ठेवून वाजवत राहा. आणि हे सगळं झाल्यावर कार्ड पॅनेलमध्ये बसवून, झाकण लावून, हीटर चालू ठेवून एक पूर्ण शिफ्ट पाऊच न भरता चालवा.

शेवटी चिपेवर कागदाचा स्टिकर लावा: चिपेचं पूर्ण नाव, हेक्स फाइलचं नाव, चेकसम, तारीख. तीच फाइल एका पेन ड्राइव्हवर कॉपी करून पॅनेलच्या दाराच्या आत, वायरिंग ड्रॉइंगच्या पाकिटात ठेवा.